पेटीदुरुस्ती, जुनं नाशिक : भाता, सूर आणि दादाचं गीत

जुन्या नाशिकात, तिवंध्यापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, एका वाड्याच्या तळमजल्यात पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणारे एक काका बसतात. दुकानाला नाव नाही, दारावर पाटी नाही. माझं नाव-नंबर कुठे लिहू नका, आहे तेवढंच काम हातून उरकत नाही, असं त्यांनीच बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण पंचवटीतल्या किंवा गावठाणातल्या कोणत्याही भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला विचारा, तो तुम्हाला त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडेल. मी शरणपूर रोडची, ख्रिस्ती. मलाही त्यांचा पत्ता मिळाला तो शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीच्या यजमानांकडून, जे दर गुरुवारी भजनाला पेटीवर असतात.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी कामाचं आधी सांगते. पेटी जुनी असेल, लाकूड चांगलं असेल, तर याहून जाणता हात मला नाशिकात माहीत नाही. पैसे वाजवी घेतात. दिलेल्या तारखेवर भरवसा ठेवू नका. आणि तुम्ही कोणा गेलेल्या माणसासाठी गीत, अभंग, आरती, काहीही लिहीत असाल आणि ते पेटीवर गायलं जाणार असेल, तर पेटीबरोबर तो कागदही न्या. हे शेवटचं का म्हणते, ते सांगायला वेळ लागेल.

पेटी माझ्या थोरल्या भावाची. दादा मागच्या ऑगस्टमध्ये गेला, हृदयविकाराने. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेला वर्षानुवर्षं पेटीवर तोच असायचा. वडिलांनी घेतलेली पेटी, साडेतीन सप्तकांची, खर्ज (खालचा) आणि नर (वरचा) असे पितळी जिभांचे दोन सूर, आणि एक पट्टी दाबली की वरच्या सप्तकातलीही दाबणारा कपलर असलेली. तो गेल्यावर वहिनीने ती झाकून ठेवली आणि कोणी उघडली नाही. पावसाळ्याचे उरलेले दिवस ती तशीच भिंतीला लागून राहिली. नाताळात उघडली तेव्हा मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या, एक सूर हात न लावता वाजत होता आणि भाता मारला की बाजूने हवा सुटल्याचा आवाज येत होता.

आधी शहरातल्या एका मोठ्या वाद्यांच्या दुकानात दाखवली. त्यांनी झाकण उघडूनही पाहिलं नाही. बदलीत द्या, नव्या पेटीवर सूट देतो, म्हणाले. वहिनी तिथेच रडायला लागली. तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि त्यानंतर काकांचा शोध सुरू केला.

काकांनी पेटी समोर घेतली आणि पहिल्यांदा एकही पट्टी दाबली नाही. सगळे खुंटे बंद केले, भाता भरला, हात काढून घेतला आणि तो किती वेळात खाली बसतो ते बघत राहिले. ठीक असलेला भाता असा भरून सोडला की बराच वेळ तग धरतो. दादाचा लगेच बसला. मग झाकण, जाळी, पट्ट्या असं एकेक उतरवत गेले आणि काय काय झालंय ते मला दाखवत गेले. भात्याच्या कोपऱ्यांवरची कातडी झिजून चिरली होती. पट्ट्यांखालची फेल्ट कसरीने खाल्ली होती. दोन स्प्रिंगा थकल्या होत्या, म्हणून पट्ट्या वर येत नव्हत्या. पितळी सुरांवर हिरवट थर चढला होता, आणि खर्जातला एक सूर चक्क तुटला होता. मी शाळेत मराठी शिकवलं, यंत्रातलं मला काही कळत नाही. पण त्यांनी सांगितलेलं सगळं मला कळलं, आणि हे कौशल्य मी पुष्कळ शिक्षकांत पाहिलेलं नाही.

मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. काय वाजणार आहे? कोण गाणार आहे? आणि बरोबर दुसरं कोणतं वाद्य आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं कारण त्यांनी लगेच सांगितलं. जुन्या पेट्या पुष्कळदा आजच्या पट्टीशी, म्हणजे सुराच्या उंचीशी, जुळत नाहीत, थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असतात. नुसती पेटी आणि तबला असेल तर काही बिघडत नाही, तबला पेटीला मिळवून घेता येतो. पण आमच्या मंडळीत आता तरुण पोरं कीबोर्ड आणि गिटार घेऊन बसतात, आणि कीबोर्ड ४४० हर्ट्झच्या आजच्या ठरलेल्या पट्टीवर असतो. दादाची पेटी त्याहून चढी होती. दादा कीबोर्डबरोबर वाजवायला का टाळाटाळ करायचा ते मला त्या दिवशी समजलं. आम्हाला वाटायचं त्याला पोरांचं संगीत आवडत नाही.

सूर कसा लावतात तेही पाहायला मिळालं. पितळेची जीभ टोकाकडे किंचित घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. मोबाइलवर ट्यूनर लावलेला असतो, पण काका त्याच्याकडे शेवटी बघतात. खर्ज आणि नर एकत्र धरायचे आणि त्यांच्यातला कंप ऐकायचा. दोघं जुळत आले की कंप संथ होत जातो आणि एका क्षणी थांबतो. एकेका सुराला चार-पाच वेळा घासणं, बसवणं, ऐकणं, परत काढणं. साडेतीन सप्तकं, दोन-दोन सूर. एका पेटीला इतके दिवस का लागतात ते तिथे तासभर बसलं तरी कळतं.

पहिल्या प्रश्नाला, म्हणजे काय वाजणार याला, मी पिशवीतून कागद काढला.

यंदा ईस्टरनंतरच्या आठवड्यात दादाचा वाढदिवस येत होता. त्या दिवशी त्याच्या स्मरणार्थ घरी प्रार्थनासभा ठेवायची आणि त्याच्याच पेटीवर एक गीत म्हणायचं असं वहिनीने आणि मी ठरवलं होतं. गीतांच्या पुस्तकात सांत्वनाची गीतं भरपूर आहेत. ती दफनविधीला म्हणून झाली होती. ती चांगलीच आहेत, पण ती सगळी आधीच सांत्वन झालेल्या माणसाने लिहिल्यासारखी वाटतात. मला अजून सांत्वन न झालेल्या माणसाचं गीत हवं होतं, आणि तरी ते प्रार्थनाच असायला हवं होतं.

आमच्याकडे असं लिहिण्याची वाट पाडून ठेवलेली आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि इंग्रजी चालींवर भाषांतरं म्हणणाऱ्या मंडळ्यांना अभंग दिले, भजन दिलं, कीर्तन दिलं. आमच्या उपासनेत आजही टिळकांची गीतं म्हटल्याशिवाय क्वचितच रविवार जातो. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आमच्या नाशिकच्या, जवळच्या जलालपूरच्या. शाळेत कधी न गेलेल्या. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं काव्य, ख्रिस्तायन, अपुरं राहिलं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. नवऱ्यामागे त्याच्याच अर्धवट काव्याला पुढची कडवी जोडत बसलेली ती बाई माझ्या मनात फार वर्षांपासून आहे. दादा गेल्यावर मी तिच्याकडे पाहून लिहायला बसले.

छंद मोठा अभंग घेतला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. दुःखाला हा छंद मानवतो असं मला वाटतं, कारण तो बोलू देतो पण पसरू देत नाही. तीन चरणांत जे काही म्हणायचं ते म्हणा, चौथ्यात चारच अक्षरं मिळणार. ध्रुपद असं झालं :

रिकामी ही खुर्ची
रिकामा हा भाता
श्वास तुझा आता
घाल देवा

उत्पत्तीच्या पुस्तकात देव मातीच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, यहेज्केलाच्या खोऱ्यात वाळलेल्या हाडांत श्वास येतो. पेटीही श्वासावरच चालते. एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या कडव्याने घरात वाद झाला.

नेताना तू त्याला
विचारले नाही
म्हणून मी काही
बोलू नये?

आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांना हे पटलं नाही. देवाला जाब विचारणं विश्वासात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांचा मान ठेवते, पण मी हे कडवं काढलं नाही. स्तोत्रसंहिता उघडली तर दाविदाचं तेरावं स्तोत्र ‘किती वेळ’ या प्रश्नानेच सुरू होतं आणि पुन्हा पुन्हा तेच विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारापाशीच थांबतं, पुढे दिलासा नाही. तेही पवित्र शास्त्रातच आहे. ज्याच्याशी बोलायचंच नाही त्याच्यावर कोण रागावतं? जाब विचारणारा माणूस अजून देवाच्या समोरच उभा असतो.

काकांनी कागद चष्मा लावून पूर्ण वाचला. ते माळकरी आहेत. मला थोडी धास्ती होती की ख्रिस्ती गीत म्हणून ते अवघडतील. त्यांनी दुसऱ्या कडव्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, हे राहू द्या. जनाबाईने विठ्ठलाला काय काय म्हटलंय! देव काय मोडतो का त्याने?"

मग त्यांनी मला निवृत्तिनाथांचं सांगितलं. त्र्यंबकेश्वर आमच्यापासून तासाभराच्या आत. पौष वद्य एकादशीला तिथल्या यात्रेच्या दिंड्या जाताना मी लहानपणापासून बघत आले आहे, पण ती समाधी कोणाची आणि कोणत्या दुःखाची, हे कधी कोणाला विचारलं नव्हतं. चार भावंडं. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, त्यांच्यामागे सासवडला सोपानदेव, मग तापीकाठी मुक्ताबाई. वर्षाच्या आत तिन्ही धाकटी गेली आणि सगळ्यात थोरला तेवढा मागे राहिला, आणि मग तोही १२९७ मध्ये त्र्यंबकला. नामदेवांनी ज्ञानदेवांच्या समाधीच्या प्रसंगावर अभंग रचले. त्यात निवृत्तिनाथ, जे ज्ञानदेवांचे भाऊ होते आणि गुरूही, ते बांध फुटलेल्या तळ्यासारखे बारा वाटांनी वाहून जातात. काका म्हणाले, "गुरू होते, ज्ञानी होते, तरी रडले. आणि नामदेवाने ते लपवलं नाही, अभंगात घातलं. सातशे वर्षं लोक ते म्हणतायत."

मी हे लिहून ठेवलं, कारण मला हवं होतं ते त्यांनी नेमकं सांगितलं होतं. ज्याला सगळं कळतं, ज्याचा विश्वास डळमळीत नाही, त्याचं रडणंही भजनात बसतं. माझ्या मंडळीतल्या त्या वडीलधाऱ्यांना मी नंतर हेच सांगितलं. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

काकांनी आणखी एक आठवण काढली ती गायक विष्णु दिगंबर पलुस्करांची. पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला होता. त्यांची मुलं लहानपणीच एकामागून एक गेली, १९२१ मध्ये जन्मलेले दत्तात्रय तेवढे राहिले. आणि त्या माणसाने गाणं टाकून दिलं नाही, रामनामाला वाहिलं. काकांच्या कपाटावर बापलेकांचा एक फोटो आहे, पिवळा पडलेला, त्याला रोज हार असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. गीताची चाल मीच लावली होती, भैरवीच्या अंगाने, आणि दादाच्या पट्टीत, काळी दोनमध्ये (पेटीवरची दुसरी काळी पट्टी षड्ज धरून). ध्रुपद खाली होतं आणि ‘बोलू नये’ला मी थेट तार गंधारापर्यंत गेले होते. मनात होतं की प्रश्न आहे, वर गेला पाहिजे. काकांनी दुरुस्तीला आलेली दुसऱ्या कोणाची तरी पेटी ओढली आणि मला म्हणायला लावलं. मी म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही एकट्या म्हणणार?"

सगळे म्हणणार, मी म्हटलं. वहिनी, माझी मुलं, दादाच्या वयाचे त्याचे मित्र, महिला मंडळातल्या म्हाताऱ्या बायका.

"मग खाली घ्या. दुःखात गळा वर जात नाही. ओढून नेला तर फाटतो आणि माणूस गप्प होतो. ज्यांनी म्हणायचं तेच गप्प झाले तर गीत कशाला?"

त्यांनी पांढरी एक दिली, म्हणजे त्याहून खालची पट्टी. चालीचा शेंडा तार षड्जावर आणून ठेवला, त्याच्या वर जायचं नाही. आणि चौथ्या चरणाबद्दल एक गोष्ट सांगितली जी मला छंदशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मिळाली नव्हती. भजनी ठेक्यात चार अक्षरांचा चरण लवकर संपतो, पुढच्या समेपर्यंत जागा उरते. नवशिका पेटीवाला तिथे घाबरून हरकती भरतो. तिथे काही वाजवायचं नाही, शेवटचा सूर धरून ठेवायचा आणि भाता भरून घ्यायचा, कारण म्हणणाराही तिथेच श्वास घेतो. सगळी मंडळी एकत्र श्वास घेते. ‘घाल देवा’ म्हणून झालं की श्वास घ्यायला जागा. मी ते ध्रुपद लिहिताना हे मनातही आणलं नव्हतं, ते त्या छंदातच होतं.

तिसरं कडवं त्यांना आवडलं, काही बोलले नाहीत :

सूर त्याचा गेला
घर झाले मुके
तरी नाम मुखे
येते तुझे

शेवटच्या कडव्यावर मात्र आमचं जमलं नाही.

पुनरुत्थानाच्या
दिवशी बोलाव
तोवर तू लाव
सूर माझा

काकांचं म्हणणं, पहिला शब्द जड आहे, ‘त्था’वर जीभ अडकते, म्हाताऱ्यांना ठेक्यात येणार नाही. म्हणण्यापुरतं पाहिलं तर ते बरोबरच सांगत होते. त्यांनी दोन-तीन सोपे शब्द सुचवले. मी ऐकलं नाही. आमचा सगळा विश्वास त्या एका शब्दावर उभा आहे. दादाच्या कबरेवरच्या दगडावर तोच कोरलेला आहे आणि ईस्टरच्या आठवड्यात तो शब्द टाळून मी गीत पुरं केलं असतं तर दादाच उठून बसला असता. काकांनी वाद घातला नाही. चाल बदलून दिली. त्या चरणाला ठेका अर्ध्या लयीत घ्या, प्रत्येक अक्षराला दोन मात्रा द्या, म्हणजे शब्द पायरी-पायरीने उतरेल. तसंच केलं आणि बसलं.

पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून एवढं मिळावं अशी अपेक्षा करणं बरोबर नाही, आणि प्रत्येकाला ते मिळेल असंही मी म्हणत नाही. पण काकांच्या कामातच ते आहे. त्यांच्या मते पेटी स्वतःसाठी वाजत नाही, म्हणणाऱ्याच्या गळ्याखाली हात देण्यासाठी वाजते, त्यामुळे गळा कोणता ते कळल्याशिवाय सूर कसा लावायचा? पेटीबद्दल ते फार मनापासून बोलतात. मिशनऱ्यांनी आणि साहेबांनी आणलेलं विलायती वाद्य, कोलकात्याला द्वारकानाथ घोषांनी त्याला मांडी घालून वाजवण्यासारखं केलं, आकाशवाणीने १९४० ते १९७१ त्याला दार बंद ठेवलं, आणि तरी देवळात, मठात, चर्चमध्ये, गुरुद्वारात तेच आहे. "रेडिओवर नको झाली, पण देवाला चालली," असं ते दोनदा म्हणाले.

पेटी मिळाल्यावर कशी आहे ते सांगते. भाता हलका झालाय, दोन बोटांनी भरतो, आणि भरून सोडला तर तग धरतो. खर्ज मऊ आणि भरीव. कपलर लावला की खडखडाट नाही. तुटलेल्या सुराच्या जागी त्यांनी जुन्या पेटीतून काढलेला सूर बसवला, नवा नाही. नव्या-जुन्याचा आवाज शेजारी शेजारी वेगळा कळतो, असं त्यांचं म्हणणं, आणि खरंच, कुठला बदललाय ते मला ऐकून ओळखता येत नाही. लाकडाला पॉलिश करू का, असं त्यांनी विचारलं होतं. वहिनी नको म्हणाली. त्यांनी फक्त पुसून दिली आणि आत कसर लागू नये म्हणून कापराची पुरचुंडी ठेवली. सगळं मिळून ५,२०० रुपये झाले. भात्याची कातडी, फेल्ट, दोन स्प्रिंगा, सूर, पूर्ण सूरमेळ. काय बदललं त्याचे जुने तुकडे पिशवीत घालून परत दिले.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. दिलेल्या तारखेला पेटी तयार नव्हती, त्यानंतरच्या तारखेलाही नव्हती. पौष एकादशीच्या आधीपासून ते त्र्यंबकला जातात आणि फोन बंद असतो, हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं. आषाढीच्या सुमारासही असंच असतं म्हणे. ईस्टर जवळ येत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. पावती देत नाहीत, वहीत लिहून ठेवतात. गल्लीत गाडी जात नाही, रविवार कारंजा किंवा मेन रोडला लावून पेटी हातात उचलून न्यावी लागते, आणि दोन सुरांची पेटी वजनाला कमी नसते. रिक्षा तिवंध्यापर्यंत येते. जागा ओलसर आहे. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी चढत चाललं की काका खालच्या सगळ्या पेट्या माळ्यावर नेतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो देऊ नका. पेटी घरी आणल्यावर वरच्या सप्तकातला एक सूर सीत्कारत होता. परत नेली, त्यांनी समोर उघडून पाच मिनिटांत नीट केली आणि पैसे घेतले नाहीत.

वाढदिवसाच्या प्रार्थनासभेत पेटी दादाच्या मुलाने वाजवली. तो कीबोर्ड वाजवणारा मुलगा, पेटीला पहिल्यांदाच मांडी घालून बसला, आणि भाता कधी भरायचा ते त्याला काकांनीच शिकवलं होतं. घरात पन्नासएक माणसं होती. ध्रुपद मी सांगितलं, मंडळींनी धरलं. पांढरी एक सगळ्यांना पुरली, मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायकाही म्हणत होत्या. दुसऱ्या कडव्याला मी मुद्दाम आवाज कमी केला, कोणाला म्हणावंसं वाटलं नाही तर अवघड होऊ नये म्हणून. वहिनीने तिथे आवाज चढवला. दादा गेल्यापासून ती उपासनेत ओठ हलवत नव्हती. ‘विचारले नाही’ हे तिने इतक्या मोठ्याने म्हटलं की पाळकसाहेबांनी डोळे उघडून पाहिलं, आणि मग तेही म्हणायला लागले. त्या कडव्याला हरकत घेणारे वडीलधारे पुढच्याच रांगेत होते. त्यांनी ते कडवं म्हटलं नाही. शेवटचं म्हटलं, अर्ध्या लयीत, ‘पुनरुत्थानाच्या’ सुटं सुटं करून, आणि त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

ते गीत आता मंडळीच्या दुसऱ्या दोन घरांत म्हटलं गेलंय. एका घरी मुलगा गेला होता, दुसऱ्या घरी आई. त्या घरी ‘नेताना तू त्याला’चं ‘नेताना तू तिला’ केलं, छंदाला काही झालं नाही. मला विचारलंही नाही, आणि विचारायची गरज नव्हती.

पेटी द्यायला सकाळी दहानंतर जा, दुपारी ते जेवून झोपतात. सोमवारी बंद. मुख्य म्हणजे जो गाणार आहे त्याला बरोबर न्या, आणि तो येऊ शकत नसेल तर मोबाइलवर त्याचा आवाज रेकॉर्ड करून न्या, घरचा, साधा, बिनतालाचा चालतो. पट्टी काका स्वतः शोधतात.